मावळतीपूर्वीची मजुरी: मराठी मंडळ्यांच्या बिशप व पाळकांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे सन्माननीय बिशप व पाळक यांस,



हे पत्र लखोट्यात घालून आपल्या पत्त्यावर रवाना करणे मला शक्य होते, आणि मंडळीच्या घरगुती गोष्टी घरातच राहाव्यात असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेच अधिक रुचलेही असते. तथापि ज्या विषयावर मला लिहावयाचे आहे त्याचे खरे साक्षीदार मंडळीच्या चार भिंतींत बसत नाहीत. ख्रिस्ती माणूस रविवारच्या उपासनेत कसा उभा राहतो, शास्त्रपाठ किती तन्मयतेने ऐकतो आणि वर्गणीच्या थैलीत काय टाकतो हे आपणांस दिसते. पण तोच माणूस सोमवारी कचेरीच्या टेबलाशी, शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या खाटेजवळ, बाजार समितीच्या आवारात किंवा स्वतःच्या शेताच्या बांधावर कसा वागतो हे पाहणारे त्याचे हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि आदिवासी शेजारी असतात, आणि आपल्या श्रद्धेविषयीचा त्यांचा निवाडा ते आपल्या गीतांवरून करीत नसून आपल्या वजनकाट्यावरून, हजेरीपटावरून आणि सहीवरून करीत असतात. ज्यांच्या देखत हे सारे घडते त्यांच्या देखतच ते बोलले जावे, म्हणून हे पत्र उघडे ठेवले आहे.

मी जुन्नर तालुक्यातला. नोकरीची वर्षे महसूल खात्याच्या दफ्तरात, निरनिराळ्या तालुक्यांत काढून आता गावी राहतो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीत पश्चिमेकडे डोंगर व जंगल आणि पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावर फुललेली बागायत असे दुहेरी रूप घेऊन वसलेले आहेत. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत द्राक्षे, टोमॅटो, कांदा आणि ऊस. घाटमाथ्याकडे भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या. या मुलखात ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुन्नरला आपले ठाणे केले, आणि त्या काळच्या इंग्रजी अहवालांत नाशिक, मालेगाव यांच्या बरोबरीने 'जुनीर' हे नाव येत असे. परदेशी पाळक, शाळामास्तर, गावोगाव फिरणारा उपदेशक आणि घराघरांतल्या स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई असा त्या काळच्या मिशनांचा संसार असे. त्या काळी ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे काय हे शेजाऱ्याला समजावून सांगण्याची गरज फारशी पडत नसे, कारण ती शाळेच्या किंवा दवाखान्याच्या रूपाने त्याच्यासमोर उभी असे, आणि मिशनची शाळा ज्या आळीत होती त्या आळीतला साधा ख्रिस्ती माणूस, त्याने स्वतः काही केले असो वा नसो, त्या शाळेच्या पुण्याईचा वाटेकरी होई.

तो काळ सरला. संस्था उरल्या तेथेही त्या शासनाच्या अनुदानावर आणि नियमांवर, इतर संस्थांसारख्याच चालतात. आणि आपली तरुण माणसे आता दुसऱ्यांच्या संस्थांत, सरकारी खात्यांत, सहकारी बँकांत, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत विखुरलेली आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी एस. टी.चा वाहक, कोणी दोन एकर बागायतीचा मालक. त्यांच्या मागे मिशनचे कंपाउंड नाही. जे काम पूर्वी संस्था करीत असे ते आता एकेकट्या माणसाच्या रोजच्या कामाने करावयाचे आहे, आणि माझी व्यथा ही आहे की या कामासाठी त्याला तयार करण्याची कोणतीच तजवीज आपल्या मंडळ्यांत दिसत नाही. रविवारचे प्रवचन त्याला प्रार्थना करावयास सांगते, पवित्र जीवन जगावयास सांगते, व्यसनांपासून दूर राहावयास सांगते. पण त्याच्या जागेपणाचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या कामात जातो त्या कामाविषयी ते बहुधा मौन पाळते.

असे मौन आपल्या परंपरेला शोभणारे नाही. ज्या सोसायटीने जुन्नरला ठाणे केले तिनेच नाशिकजवळ शरणपूर वसवले. गुलाम वाहणाऱ्या अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवली जात आणि त्यांतली पुष्कळशी शरणपूरला येत. तेथे अक्षरओळखीबरोबर सुतारकी व लोहारकी शिकवली जाई. त्या शाळेतून निघालेला जेकब वेनराइट नावाचा तरुण पुढे मिशनरी व प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधात गेलेल्या मदतीच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत पोहोचला. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी जेकबला पाचारण केले, कारण लिहिता येणारा तो होता, आणि मृताच्या पेट्या उघडून त्यांतल्या वस्तूंची फर्द त्याच्याकडून करवून घेतली. त्यानेच दफनविधीची प्रार्थना वाचली, त्यानेच झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. आणि मग त्या माणसांनी तो देह खांद्यावर घेऊन शेकडो कोसांचा रानावनाचा मार्ग तुडवीत समुद्रकिनारा गाठला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. लोकांना त्या कथेतली ती वाटचाल आठवते. माझ्या मनात मात्र ती फर्द घर करून राहिली आहे. धन्याचे डोळे मिटलेले, आसपास हिशेब विचारणारे कोणी नाही, पेटीतली एखादी वस्तू नाहीशी झाली असती तर कोणास पत्ता लागला नसता, अशा ठिकाणी एका गुलामीतून सुटलेल्या पोराने, जिन्नस न जिन्नस लिहून ठेवला. शरणपूरच्या शाळेने त्याला श्रद्धा शिकवली की नाही याची रुजुवात त्या कागदावर झाली, असे मला वाटते.

प्रभूच्या चरित्राकडे पाहावे तर तेथेही हेच आहे. उपदेशाची व चमत्कारांची वर्षे थोडी. त्याआधीचा दीर्घ काळ नासरेथच्या सुताराच्या कामठ्यात गेला. दुसऱ्या शतकातला हुतात्मा जस्टिन लिहितो की येशू नांगर आणि जू बनवीत असे. शेतकऱ्याच्या हाती ते जू गेले असेल, बैलाच्या मानेवर ते बसले असेल, आणि बैलाची मान सोलली गेली नाही तर त्या सुताराचे काम चोख होते असे कोणीतरी मनात म्हटले असेल. पौलाने करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवले आणि आपल्या भाकरीचा भार मंडळीवर पडू दिला नाही. आपल्या धर्माचा पाया घालणारी माणसे हाताला घट्टे पडलेली होती. आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या खाईतून आणलेल्या मुलींच्या हाती आधी अन्न आणि मग काम दिले: माग, शेती, छापखाना, आणि बाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळवले. प्रार्थना व परिश्रम यांच्यामध्ये त्या आश्रमात भिंत नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या पेशाविषयी लिहितो, कारण तो मला आतून ठाऊक आहे. महसुलाचे दफ्तर म्हणजे रयतेच्या जिवाचा प्रश्न. फेरफाराची एक नोंद अडली की विधवेच्या नावावर जमीन चढत नाही, पीकपाहणीत चुकीचे पीक लिहिले गेले की नुकसानभरपाई मिळत नाही, उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती पडला नाही की मुलाची फी माफ होत नाही. या अडण्याला भाव असतो, आणि तो भाव देणारा बहुधा सर्वांत गरीब असतो. शास्त्रात या विषयावर किती स्पष्ट बोलले आहे हे मंडळीतल्या फार थोड्यांना कोणी सांगितले असेल. यार्देनेच्या काठी जकातदार बाप्तिस्मा घेण्यास आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा योहानाने त्यांना नोकरी सोडून अरण्यात या असे सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वसूल करू नका एवढेच सांगितले. आणि यरीहोचा जक्कय, जो ठेंगणा असल्यामुळे उंबराच्या झाडावर चढून बसला होता, त्याच्या घरी प्रभू गेला तेव्हा त्या मनुष्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. तारण त्या घराला आले ही घोषणा लूकाच्या शुभवर्तमानात या कबुलीनंतर येते. जुन्नरच्या माणसाला जकात परकी नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर, राणी नागनिकेच्या शिलालेखाच्या गुहेपासून जवळच, दगडी रांजण आहे, आणि कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे असे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. त्या रांजणाशी उभे राहून जक्कयाची कथा आपल्यापैकी कोणी एखाद्या रविवारी सांगितली तर ती मंडळीच्या काळजाला भिडेल अशी माझी खात्री आहे.

परंतु नुसते सांगून भागणार नाही, आणि या पत्रातला माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच आहे. कचेरीत जो लाचेपासून हात आखडतो त्याची किंमत त्याला द्यावी लागते. एका कचेरीत, जिचे नाव मी येथे घेत नाही, एक ख्रिस्ती कारकून माझ्या माहितीत होता; वरपर्यंत पोहोचवावयाच्या रकमेत आपला वाटा घालण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्याची बदली दूरच्या आडरानी झाली, मुलांच्या शाळा तुटल्या, पत्नीचे औषधपाणी अडले, आणि बढतीच्या यादीत त्याचे नाव वर्षानुवर्षे मागे पडत गेले. त्याच्या मंडळीने या काळात काय केले? त्याच्यासाठी प्रार्थना झाली हे खरे, आणि प्रार्थनेचे मोल मी कमी लेखीत नाही. पण त्याच्या मुलांना कोणी आपल्या घरी ठेवून घेतले नाही, त्याच्या पत्नीला पुण्याच्या दवाखान्यात कोणी नेले नाही, आणि मंडळीच्या पंचांनी त्याला बोलावून, 'भाऊ, तुमचे हे करणे आमचेही आहे' असे म्हटले नाही. उलट त्याच सुमारास ज्याच्या उत्पन्नाचा उगम सर्वांना ठाऊक होता अशा एका गृहस्थाची देणगी मंडळीने हारतुऱ्यांनी स्वीकारली. सचोटी ही एकट्याने भोगावयाची शिक्षा होऊन बसली, तर दुसरा तरुण तिच्या वाटेला का जाईल? पौलाने गलतीच्या मंडळीला एकमेकांची ओझी वाहावयास सांगितले, ते ओझे नेमके असले असते.

कचेरीनंतर बाजार. पश्चिमेच्या वाड्यांतला आदिवासी उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतो, वाळवतो आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर आणून घालतो. नारायणगावच्या आवारात टोमॅटोचे क्रेट उतरतात, मंचरला कांद्याच्या गोण्या. काट्यावरचे आकडे, ओलाव्याच्या नावाखाली धरलेला कडता, हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी हातात पडणारी पट्टी, या वाटेवर किती ठिकाणी किती मुरते हे शेतकऱ्याला पाठ असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे सर्वांत अधिक मुरते. मोशेच्या नियमशास्त्रात थैलीत दोन प्रकारची वजने ठेवण्याची मनाई आहे. आमोस संदेष्टा तर सणाचा दिवस कधी संपतो आणि माप लहान करून धान्य कधी विकतो अशा घाईत असलेल्या व्यापाऱ्यांवर कोपला आहे. देवाला वजनकाट्यात इतके लक्ष आहे हे किती ख्रिस्ती दुकानदारांना ठाऊक असेल?

या बाबतीत आपल्याच मुलखात एक पुरातन धडा दगडावर लिहून ठेवलेला आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतल्या बौद्ध लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले जे लेख आहेत, त्यांपैकी एकात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखांत इरिल, चित आणि चंद्र अशी यवनांची नावे आहेत. त्यांतल्या इरिलाने टाक्या दिल्या, चिताने संघासाठी भोजनमंडप दिला. एक परदेशी माणूस परमुलखात येतो, तेथल्या धर्माला आपलासा करतो आणि आपल्या कमाईतून त्याने काय करावे, तर तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला बसावयास सावली. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण धंद्याच्या पैशाला धर्माचे बंधन असते ही समजूत जुन्नरच्या बाजारपेठेत मिशनरी येण्याच्या सतराशे वर्षे आधीपासून नांदत होती, आणि ख्रिस्ती व्यापाऱ्याने तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभे राहू नये एवढीच माझी अपेक्षा आहे. फरक इतकाच की आपल्या शास्त्राप्रमाणे दान नंतर येते. आधी माप खरे असावे लागते.

आणि आता द्राक्षमळ्यांविषयी, ज्यासाठी मुख्यतः मी लेखणी हाती घेतली. मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावण्यास बाहेर पडतो, पुन्हा सकाळी, पुन्हा दुपारी, पुन्हा तिसऱ्या प्रहरी जातो, आणि दिवस मावळण्यास थोडा अवकाश उरला असतानाही नाक्यावर उभ्या राहिलेल्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. ते सांगतात, आम्हांला कोणी कामाला लावले नाही. हा दाखला मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकला, आणि प्रत्येक वेळी तो स्वर्गाच्या राज्याविषयी आहे एवढेच ऐकले. तसा तो आहेच. पण जुन्नर तालुक्यात द्राक्षांचे मळे आहेत, छाटणीच्या व तोडणीच्या हंगामात मजूर लागतात, आणि मोठ्या गावांच्या नाक्यांवर सकाळी डोंगराकडून आलेली माणसे डबा व विळा घेऊन उभी असतात. तरणेताठे लवकर उचलले जातात. उन्हे चढल्यावर तेथे म्हातारे राहतात, अंगावर पोर असलेल्या बाया राहतात, मुकादमाच्या मर्जीतून उतरलेले राहतात. त्या दाखल्यातला धनी ज्यांना शेवटी विचारतो ती माणसे तीच आहेत. आणि तो त्यांना पुरा दिनार देतो, कारण दिनार ही एका कुटुंबाची एका दिवसाची भाकरी होती आणि पोट अर्धे करता येत नाही.

आपल्या मंडळ्यांतले किती बागायतदार हा दाखला ऐकून उठतात आणि स्त्रीला पुरुषाइतकी मजुरी देतात? समान कामाला समान वेतन हा देशाचा कायदा १९७६ सालापासून आहे. तरी शेतावर बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही अन्याय आहे असे सांगणारालाच लोक वेड्यात काढतात. किती जण मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी देतात? नियमशास्त्राची ती स्पष्ट आज्ञा आहे, कारण मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो असे लिहिले आहे. आठवड्याच्या बाजारापर्यंत थांब, पट्टी आली की देतो, उचल घेतली होतीस ती आधी फेड, या उत्तरांनी संध्याकाळी रित्या हाताने परत जाणारी बाई आणि त्याच मालकाने उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीपुढे आणून ठेवलेली पहिल्या तोडीची द्राक्षे, हे दोन्ही एकाच देवासमोर घडत असते. महोदय, आपण ती द्राक्षे आशीर्वाद देऊन स्वीकारता. स्वीकारण्यापूर्वी त्या मालकाला, प्रेमाने पण निश्चितपणे, तोडणाऱ्यांची मजुरी चुकती झाली काय एवढे विचारावे अशी माझी विनंती आहे. मजुरी थकली असेल तर टोपली परत न्यावी, आधी हिशेब मिटवावा आणि मग पुन्हा यावे. वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे दस्तुरखुद्द प्रभूनेच डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे.

हे सारे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल तर मी त्याला पूर्वेस, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, जामखेडकडे बोट दाखवीन. राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल, दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर, १९७० साली त्या दुष्काळी मुलखात जाऊन राहिले. मोठे इस्पितळ बांधून त्यावर क्रूस लावणे त्यांना अशक्य नव्हते. पण गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित, स्त्रियांना निवडून त्यांना बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठ यांची ओळख शिकवणे आणि डॉक्टरच्या हातातले ज्ञान त्यांच्या हाती देऊन टाकणे हा मार्ग त्यांनी पत्करला. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी पाडावयाच्या ठरल्या तेव्हा त्यांनी त्या दलित वस्तीत पाडण्याकडे कटाक्ष ठेवला, म्हणजे पाण्यासाठी सारे गाव तेथे येईल. जातिभेदावर त्यांनी व्याख्यान दिले असते तर ते गाव ऐकून घरी गेले असते. विहिरीची जागा ठरवताना त्यांनी जे केले ते त्या पाण्यावर जगणाऱ्या प्रत्येकाला रोज पायी चालून शिकावे लागले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेडला शिकावयास आले. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉक्टर २०११ मध्ये निवर्तले. त्यांची श्रद्धा त्यांच्या निर्णयांत होती: पैसा कोठे खर्चावा, विहीर कोठे असावी, कोणाला खुर्ची द्यावी. अशा निर्णयांची संधी आपल्या लहान माणसालाही रोज येते. परिचारिकेला कोणत्या रोग्याकडे आधी जावे हे ठरवावे लागते, शिक्षकाला मागच्या बाकावरच्या ठाकराच्या पोराला फळ्याजवळ बोलवावे की नाही हे ठरवावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला अगत्याचे वाटते, कारण हे पत्र शेजारीही वाचतील आणि सध्याच्या दिवसांत आपल्या प्रत्येक चांगल्या कृत्यामागे धर्मांतराचा हेतू शोधला जातो. चोख काम आणि पुरी मजुरी ही कोणाला आपल्याकडे ओढण्याची युक्ती होऊ नये. ज्या क्षणी ती तशी होईल त्या क्षणी ती भ्रष्ट झाली. आदिवासी बाईला मजुरी द्यावयाची ती तिचा हक्क आहे म्हणून. तिने उद्या मंडळीच्या दाराशी यावे म्हणून नव्हे. चांगुलपणा आपल्याच घरचा आहे असा अभिमानही आपणांस शोभणार नाही. डिंभे धरणाने आंबेगाव हे मूळ गाव आणि कितीतरी आदिवासी वस्त्या पाण्याखाली घातल्या, तेव्हा त्या विस्थापितांबरोबर राहून त्यांच्या मासेमारीच्या सहकारी संस्थेला आणि पडकईच्या जुन्या पद्धतीने भातखाचरे काढण्याच्या कामाला बळ देणारे 'शाश्वत' संस्थेचे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर हे काही आपल्या मंडळीचे नव्हते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. गाव जागेवर दिसत नाही ही पहिली खबर बाहेर पोहोचवली ती नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस. टी.च्या चालकाने. तो कोणत्या धर्माचा होता हे विचारण्याचे कोणास कारण नव्हते. आपल्या नेमून दिलेल्या वाटेवर डोळे उघडे ठेवून जाणे, आणि जे दिसले ते वेळ न दवडता सांगणे, एवढे त्याच्या हातून झाले.

आणि या मातीत कर्म आणि भक्ती यांची गाठ आपल्या आधीच घातली गेली आहे. ओतूरला तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या चैतन्यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची. मळ्यात भाजी लावता लावता विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याचे नाव येथल्या प्रत्येक वारकऱ्याच्या ओठी असते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. तो पूल दोन्ही बाजूंनी जाण्यायेण्यास मोकळा आहे, आणि आपला शेजारी त्यावर उभा राहून आपल्याकडे पाहत आहे.

आता विनंत्या. आपल्या धर्मप्रांतांच्या सभांत इमारतींची दुरुस्ती, जमिनींचे दावे आणि निवडणुका यांना जेवढा वेळ जातो त्यातला काही भाग काढून पाळकांनी मंडळीजनांच्या कामाच्या ठिकाणी जाण्याचा शिरस्ता घालून द्यावा. घरभेट आपल्याकडे आहे. ती चहापाण्याची व प्रार्थनेची होते आणि चांगलीच असते. कामभेट व्हावी. परिचारिकेच्या रात्रपाळीला, बागायतदाराच्या तोडणीला, कारखान्यातल्या मुलाच्या पाळी सुटण्याच्या वेळेला पाळकाने अर्धा तास तेथे उभे राहावे, विचारावे, ऐकावे. प्रवचनाला मजकूर तेथे मिळेल. सहभागितेपूर्वीच्या आत्मपरीक्षणात वजन, मजुरी, लाच आणि खोटी हजेरी यांची नावे घेतली जावीत, कारण नाव न घेतलेल्या पापाचा पश्चात्ताप कोणी करीत नाही. आणि प्रत्येक धर्मप्रांताने एक निधी राखून ठेवावा, ज्यातून सचोटीपायी बदली, निलंबन किंवा नोकरीची हानी सोसणाऱ्या कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण व औषधोपचार चालतील. त्याचे हिशेब दर वर्षी मंडळीसमोर उघडे वाचले जावेत, आणि मदतीसाठी अर्ज करणाऱ्याला पंचांपुढे हात जोडून उभे राहावे लागू नये. या निधीत पहिली रक्कम माझ्या निवृत्तिवेतनातून घालण्याची माझी तयारी आहे, आणि तो कोठे भरावयाचा हे आपण जाहीर करताच मी भरीन.

द्राक्षांची तोडणी माघ-फाल्गुनात सुरू होते. त्या सुमारास आपल्यापैकी जे कोणी इकडे येऊ शकतील त्यांनी अवश्य यावे, सकाळी लवकर यावे, आणि उपासनेआधी माझ्याबरोबर मजुरांच्या नाक्यापर्यंत चालावे.

आपला नम्र,
जुन्नर तालुक्यातील एक मंडळीजन